सोप्या बातम्या कळतात, नेहमीच्या अडतात

पत्र: नोकरी सांभाळून जपानी शिकणाऱ्या एका वाचकाने जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन ४ ही पातळी पार केली आहे (एन ५ सर्वांत सोपी, एन १ सर्वांत अवघड). गेलं वर्षभर रोज सकाळी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या 'न्यूज वेब ईझी'वरच्या सोप्या केलेल्या बातम्या वाचायचा नेम आहे. सुरुवातीला एका बातमीत अख्खी सकाळ जायची, आता ऑफिसला निघण्याआधी दोन सहज होतात आणि बहुतेक सगळं कळतं. त्याच भरात एकदा एनएचकेचीच नेहमीची बातमी उघडली, आणि पहिल्याच वाक्यात घोडं अडलं. वाक्य संपता संपेना. शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली. वर्गातल्या एका मित्राने वर ऐकवलं, "ते पोरांसाठीचं जपानी आहे. त्यात वर्ष घालवलंस. खरं काहीतरी वाच." वाचकाचे प्रश्न तीन. वर्ष वाया गेलं का? सोप्या बातम्या सोडून सरळ नेहमीच्या बातम्यांना हात घालावा का? आणि पुढे एन ३ द्यायची आहे, तर त्यासाठी वाचन कसं करावं?

उत्तर: मित्राच्या टोमण्यापासूनच सुरुवात करते, कारण तुम्हाला ते न संपणारं वाक्य जेवढं लागलं त्याहून हा टोमणा जास्त लागलेला दिसतो. "पोरांसाठीचं जपानी" हे फार तर अर्धं खरं आहे.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबे आणि आसपासच्या भागात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांपुढे तर आणखी एक संकट उभं राहिलं. सूचना जपानीत येत होत्या, पण ते सरकारी वळणाचं जपानी होतं. बाजारात, कामावर निभावून नेण्यापुरती भाषा येणाऱ्यांना ते समजेना. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषाभ्यासकांनी 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपं जपानी, ही कल्पना बांधली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, एका वाक्यात एकच माहिती. 'ताकादाई नी हिनान' असं न म्हणता 'ताकाई तोकोरो नी निगेते कुदासाई', उंच जागी पळा, असं म्हणायचं. एनएचकेने २०१२ मध्ये सोप्या बातम्या सुरू केल्या त्या याच विचाराच्या. तिथे बातमीदार आणि जपानी शिकवणारे शिक्षक मिळून मूळ बातमी नव्याने लिहितात. शाळकरी मुलंही त्या वाचतील हे डोळ्यांपुढे होतंच, पण जपानमध्ये राहणारी परदेशी प्रौढ माणसं हा त्यांचा मोठा वाचक आहे. म्हणजे तुमच्यासारखीच.

खरोखर पोरांसाठीचं जपानी कसं असतं ते पाहायचं असेल तर 'आसाही शोगाकुसेई शिनबुन' किंवा 'माइनिची शोगाकुसेई शिनबुन' या मुलांच्या वृत्तपत्रातला एखादा मजकूर मिळवा. कांजीवर, म्हणजे चिनी मुळाच्या अक्षरांवर, फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरांत लिहिलेले उच्चार, असतात, विषयही मुलांचे असतात, पण वाक्यं मनमोकळी वळणं घेत जातात. आठ वर्षांच्या जपानी मुलाला व्याकरण शिकवावं लागत नाही, ते त्याच्या तोंडात असतं. त्याला कांजी कमी येतात, एवढंच. तुमचं नेमकं उलटं आहे. सोप्या बातम्या सफाईने वाचणारे कितीतरी जण मुलांच्या वृत्तपत्रात गडबडतात. मित्रालाही एकदा देऊन पाहा.

आता वर्ष वाया गेलं का, याबद्दल. तुम्ही स्वतःकडून काय अपेक्षा केली होती, ते आधी बघू. जेएलपीटीच्या अधिकृत वर्णनात एन ३ ची पातळी अशी सांगितली आहे: रोजच्या विषयांवरचा ठोस मजकूर वाचता यावा आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांवरून आशयाचा साधारण अंदाज यावा. मथळ्यांवरून! अख्खा लेख वाचणं, वृत्तपत्र-मासिकांतलं भाष्य समजणं हे एन २ च्या वर्णनात येतं. तुम्ही एन ४ झालेले आहात. म्हणजे दोन पायऱ्या वरचा मजकूर उघडलात, तो जमला नाही, आणि दोष दिलात सोप्या बातम्यांना. अवघड मजकूर उघडून पाहिलात यात वावगं काही नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

तरीही त्या पहिल्या वाक्यात नेमकं काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी जपानी क्षणभर बाजूला ठेवा आणि हे वाक्य वाचा: "शहराच्या पूर्व भागातील एका गोदामास बुधवारी रात्री लागलेल्या आगीत गंभीर जखमी झालेल्या तिघा कामगारांपैकी उपचार सुरू असलेल्या एकाचा गुरुवारी पहाटे मृत्यू झाल्याचे पोलिसांनी सांगितले." मराठी वर्तमानपत्रात असं वाक्य आपण न अडखळता वाचून पुढे जातो. आता हीच बातमी सोप्या पद्धतीने: "बुधवारी रात्री एका गोदामाला आग लागली. हे गोदाम शहराच्या पूर्वेला आहे. आगीत तीन कामगारांना खूप लागलं. त्यांतला एक जण गुरुवारी पहाटे वारला. पोलिसांनी हे सांगितलं."

माहिती जवळपास तीच. पण पहिल्या वाक्यात लागलेल्या, झालेल्या, असलेल्या असे एकात एक गुंतलेले वेढे आहेत. जपानी बातमीचं वाक्य याच चालीने चालतं. नामाच्या आधी त्याचं सगळं वर्णन, आणि क्रियापद पार टोकाला. सोप्या बातमीचे संपादक हे वेढे सोडवून तुमच्या हातात सरळ दोरा देतात. वर्षभरात तुमचे शब्द वाढले, वेग वाढला, विषयांची ओळख झाली. वेढे सोडवण्याची सवय मात्र लागली नाही, कारण ते काम रोज दुसरं कुणीतरी तुमच्यासाठी करून ठेवत होतं. हा सोप्या बातम्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांचं कामच ते आहे.

आणि इथे मराठी बोलणाऱ्याला एक आयता फायदा आहे, जो आपण बहुतेक जण वाया घालवतो. आपली जपानीची पुस्तकं इंग्रजीतून समजावणारी असतात, त्यामुळे मनातल्या मनात आपण जपानी वाक्य इंग्रजीत उतरवू लागतो. मग आधी शेवटाला जाऊन क्रियापद शोधा, मग उलटं मागे या, मग कुठलं वर्णन कुणाचं ते जुळवा. एवढ्यात वाक्य हातचं सुटतं. मराठीतून वाचलंत तर ही ये-जा करावीच लागत नाही. वर्णन नामाच्या आधी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागून, क्रियापद शेवटी. सगळा क्रम तोच आहे. डावीकडून उजवीकडे तुकडे पाडत जायचं आणि प्रत्येक तुकड्याला मनात मराठीचा प्रत्यय लावायचा. फरक एकच लक्षात ठेवा. मराठीत '-लेला', '-णारा' अशी ठळक खूण असते, जपानीत मात्र क्रियापदाचं साधं रूपच थेट नामाला जाऊन भिडतं. म्हणून वाक्याच्या मध्येच 'मास' हा आदरार्थी शेवट नसलेलं साधं रूप दिसलं आणि त्याला लागून लगेच नाम आलं, की समजायचं: इथवर जे आलं ते या नामाचं वर्णन. तिथे पेन्सिलीने एक उभी रेघ मारा. मी सुचवणार आहे त्या सगळ्यातलं एकच काही करणार असाल तर ही रेघ मारा.

आता तुमच्या रोजच्या वाचनाकडे येते. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारावंसं वाटतं: वाचताना तुमचे डोळे कांजीवर असतात की तिच्या डोक्यावरच्या फुरिगानांवर? बहुतेकांचे फुरिगानांवर असतात, कारण ते हिरागाना या उच्चारानुसार लिहायच्या लिपीत असतात आणि ती वाचणं सोपं. मग कांजीचं पान उलटूनही खरं वाचन हिरागानाचंच होतं. याचा फटका कुठे बसतो पाहा. सोप्या बातमीत 'फुएरु' (वाढणं), 'किमेरु' (ठरवणं), 'हाजिमारु' (सुरू होणं) असे शब्द असतात. नेहमीच्या बातमीत त्यांच्या जागी बरेचदा 'झोका', 'केत्तेइ', 'काइशि' येतात. कानाला हे शब्द पूर्ण नवे आहेत, पण डोळ्यांना नवे असायचं कारण नाही: 'झोका'मधली पहिली कांजी 'फुएरु'चीच आहे, 'केत्तेइ'मधली 'किमेरु'ची, 'काइशि'मधली दुसरी 'हाजिमारु'ची. वर्षभर कांजीकडे बघत 'फुएरु' वाचलं असतं तर 'झोका' पाहताच निदान "काहीतरी वाढलंय" एवढं तरी कळलं असतं.

फुरिगाना लपवायची सोय त्या पानावर आहे. उद्यापासून पहिलं वाचन ती वापरून करा. अडलेला शब्द दाबून अर्थ बघायचा नाही, वाक्य सोडून पुढे जायचं नाही, अंदाज बांधायचा आणि चालत राहायचं. दुसऱ्या वाचनात फुरिगाना परत आणा आणि अंदाज तपासा. मग बातमी ऐका. ऐकणं शेवटी का, तर कांजी बघून अर्थ कळू लागला की उच्चार विसरायची खोड लागते, आणि आवाज ती खोड मोडतो. नावांचंही असंच आहे. सोप्या बातमीत माणसांची, ठिकाणांची, संस्थांची नावं वेगवेगळ्या रंगांत असतात. नेहमीच्या बातमीत रंग नसतो, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि मजकूर कुठे सुरू झाला तेच समजत नाही, आणि आपण एखाद्या गावाच्या नावाचा अर्थ शोधत बसतो. रंग दिसतोय तोवर नावाच्या शेवटी काय येतं तिकडे लक्ष द्या: 'केन', 'शि', 'चो', 'शो', 'दाइगाकु'. प्रांत, शहर, गाव, मंत्रालय, विद्यापीठ. हीच शेपटं पुढे रंगाचं काम करतात.

आणखी एक प्रश्न, थोडा खोडसाळ. ती बातमी तुम्हाला आधीच मराठीतून किंवा इंग्रजीतून माहीत असते का? मोठा भूकंप, निवडणूक, ऑलिंपिक अशा बातम्यांत "सगळं कळलं" यातलं निम्मं आपण घरून घेऊन आलेलो असतो. त्यात गैर काही नाही, शिकताना तो आधार हवाच. पण स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर जपानबाहेर कुणी छापणार नाही अशी बातमी निवडा. एखाद्या प्राणिसंग्रहालयातलं नवं पिल्लू, एखाद्या गावचा उत्सव, शाळेचा नवा नियम.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सोप्या बातम्या बंद करून सरळ नेहमीच्या बातम्यांत उडी मारावी का? उडी मारणारे मी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात वही नव्या शब्दांनी भरते, दुसऱ्यात वाचन कमी आणि शब्दकोश जास्त होतो, आणि मग एक दिवस वाचणंच सुटतं. आणि नुसतं सोपंच वाचत राहिलात तर काय होतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे. तेव्हा दोन्ही वाचा, फक्त दोन्हींकडून वेगवेगळं काम करून घ्या. सोप्या बातम्या वेगासाठी आणि भरपूर मजकूर नजरेखालून जाण्यासाठी. नेहमीची बातमी अगदी थोडी, पण मुंगीच्या पावलांनी.

थोडी म्हणजे किती? फक्त पहिला परिच्छेद. बातमीचा सगळा ऐवज तिथेच असतो. आठवड्यातून दोनदा पुरे. सोपी बातमी आधी वाचायची, मग तीच बातमी मूळ रूपात काढायची, शक्यतो त्याच दिवशी, कारण मूळ बातम्या फार दिवस जागेवर राहत नाहीत. काय घडलं ते तुम्हाला आता माहीत आहे, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. सोप्या बातमीतलं प्रत्येक वाक्य मूळ परिच्छेदात कुठे दडलंय ते शोधा. तीन वाक्यांचं मिळून एकच वाक्य झालेलं सापडेल. काही वाक्यं सापडणारच नाहीत, कारण ती समजावणीची म्हणून संपादकांनी पदरची घातलेली असतात. आणि मूळातलं काय गाळलंय तेही दिसेल: बहुतेकदा हुद्दे, आकडे आणि कोण काय म्हणालं त्याच्या छटा.

या छटांसाठी वेगळा वेळ काढा, कारण त्या मोजक्या आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. नेहमीच्या बातमीत वाक्याच्या शेवटी 'तो मिरारेते इमासु' आलं तर "असं मानलं जातं", 'तो शिते इमासु' आलं तर "असं त्यांचं म्हणणं आहे", 'तो यू कोतो देसु' आलं तर "असं सांगण्यात आलं". 'मितोशि देसु' म्हणजे तसं होण्याची चिन्हं आहेत, 'होशिन देसु' म्हणजे तसं करायचं ठरवलं आहे. सोप्या बातमीत या सगळ्यांची वाटणी साधारणपणे 'तो इत्ते इमासु' ("असं म्हणतात") आणि 'सो देसु' ("असं कळतं") या दोघांत होते. ही शेपटं ओळखीची झाली की लांब वाक्याचा शेवट तरी अंगावर येत नाही.

काही दिवसांनी हाच व्यायाम उलटा करा. मूळ परिच्छेद आधी घ्या, आणि सोपी बातमी न बघता तो तुम्हीच सोप्या जपानीत लिहा. तीन-चार वाक्यं पुरतात. मग संपादकांनी काय केलं त्याच्याशी ताडून पाहा. तुमच्या वर्गात सात-आठ जण असतील तर हे एकत्र करायला फार मजा येते, आणि टोमणे मारणाऱ्या मित्रालाही त्यात ओढता येईल.

विषय मात्र एकच धरा. निदान दोन-तीन महिने. हवामान धरलंत तर तापमान, पाऊस, इशारा, उष्माघात हे शब्द रोज भेटतात, आणि रोज भेटणाऱ्या शब्दाचं पाठांतर करावं लागत नाही. आज अर्थमंत्री, उद्या पांडा, परवा रॉकेट असं वाचलंत तर प्रत्येक बातमी पहिलीच ठरते. शब्द लिहून ठेवायचेच असतील तर तिसऱ्यांदा भेटलेलेच लिहा.

नेहमीच्या बातम्या म्हणते तेव्हा मला तूर्तास एनएचकेच्याच अभिप्रेत आहेत, वृत्तपत्रं नाहीत. एनएचकेची बातमी मुळात बोलून दाखवण्यासाठी लिहिलेली असते, म्हणून 'देस-मास'च्या आदरार्थी बोलण्याच्या शैलीत असते. छापील वृत्तपत्र 'दा' आणि 'दे आरु'च्या कोरड्या शैलीत लिहितं आणि जागा वाचवायला शब्द आवळतं. तो टप्पा नंतरचा.

मथळे तेवढे आजपासून वाचा, कारण एन ३ च्या वर्णनात ते आहेतच. मथळ्यात विभक्तीचे प्रत्यय गळतात, क्रियापद गायब असतं, आणि देश एका कांजीवर येतात: अमेरिकेला 'बेई', चीनला 'चू', भारताला 'इन'. मथळ्याच्या शेवटी नुसतं 'ए' उरलं असेल तर ती गोष्ट व्हायची आहे, 'का' उरलं असेल तर तसा संशय आहे. रोज पाच-सहा मथळे वाचायचे, आत काय असेल ते मनाशी ठरवायचं, आणि एकच उघडून बघायचा. याला पाच मिनिटं लागतात.

एन ३ साठी एवढ्यावर मात्र विसंबू नका. तिथे व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटं असतात, आणि उतारे बातम्यांपेक्षा निबंध, पत्रं, सूचना, जाहिराती अशा वळणाचे जास्त असतात. कुणाचं तरी मत, त्याला दिलेली बगल, "मला मात्र तसं वाटत नाही" असा मध्येच आलेला मोड हे बातमीत भेटतच नाही. बातम्याच वाचणाऱ्याला अटक, मंत्रिमंडळ, भूकंपाचं केंद्र हे शब्द येतात, पण शेजाऱ्याशी झालेलं भांडण वाचता येत नाही. संवाद नसतात, तुटकी बोली वाक्यं नसतात, विनोद तर नसतोच. म्हणून आठवड्यातले दोन दिवस बातम्यांना सुट्टी द्या आणि शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टी वाचा. 'तादोकु' या नावाने अशी भरपूर वाचनाची चळवळ जपानमध्ये आहे. तिचे नियम मला आवडतात: सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, अडलं तर सोडून पुढे जा, रंगत नसेल तर पुस्तक बदला. हा शेवटचा नियम पाळायला आपल्याला फार जड जातं, घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे असं बाळकडू मिळालेलं असतं ना.

सोप्या बातम्या सोडायच्या कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न आज ना उद्या येईलच. एका तारखेला सगळ्याच सोडायची गरज नाही. ज्या विषयात मूळ परिच्छेद आधी वाचून सोपी बातमी फक्त ताळा करायला उघडावीशी वाटेल, त्या विषयापुरत्या सोडा, बाकीच्या चालू ठेवा. हवामान सर्वांत आधी सुटेल, मग खेळ, मग अपघात-आगी. राजकारण सर्वांत शेवटी. संसदेच्या बातम्यांना तर एन २ च्या आधी हातच लावू नका, तिथे भाषा कळली तरी प्रकरण काय आहे ते कळत नाही.